मनूच्या ताटातला भात

२४ नोव्हें. ९७, सोम.
आजही भात फसला. फ्लॉवर किसून वाफवला, पाणी सुटून लापशी झाली. वर तूप ओतलं, डॉ.नी लिहून दिलंय तेवढं, काट्यावर तोलून. मनूनं एक घास तोंडात घेतला आणि माझ्याकडे बघत हळूच ताटात काढून ठेवला.
"आई, हा भात नाहीये."
सहा वर्षांची पोर. तिला काय फसवणार.
सकाळपासून फिट चालूच. मान खाली पडते, डोळे थिजतात, मग काही झालंच नाही अशी बघते. मोजायचं सोडलं.

२६ नोव्हें., बुध.
सासूबाई साताऱ्याहून आल्या, मदतीला. आल्या आल्या ताट बघितलं.
"तांदूळ न्हाई, चपाती न्हाई, साखर न्हाई. नुसतं तूप, अंडं नि साय. असं औषध असतंय व्हय?"
सांगितलं. गोळ्या बदलून झाल्या, एकही लागू पडली नाही. अंगाला साखर-पिठूळ काही मिळालं नाही की ते तुपावर चालायला लागतं, आणि काही मुलांच्या फिट थांबतात. का थांबतात ते डॉक्टरांनाही नीट माहीत नाही. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं, म्हणून तर माझा विश्वास बसला.
सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्यात तूप पोरांच्या ताटात पडायचं, पोरी बघत बसायच्या. आन् ही तूप खाऊन रडतीय."

२९ नोव्हें., शनि.
जमला!
वाफवायचाच नाही. कच्चा किसून फडक्यात घट्ट पिळायचा, मोठ्या आचेवर तुपात परतायचा, झाकण अजिबात नाही. जिरं, कढीपत्ता, मीठ. दाणा दाणा मोकळा. मनूनं ताट पुसून खाल्लं. "हा चालेल."
हे कंपनीतून आले ते वास घेतच. "मला पण वाढ." तिच्यासमोर आता सगळ्यांनी हाच खायचा, असं ठरलं. यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा.
सकाळी लघवीची पट्टी गडद जांभळी. म्हणजे सगळं नीट चाललंय. फिकी पडली की समजायचं, पोटात नको ते गेलंय.

८ डिसें., सोम.
काल फिट एकदाच. आज अजून नाही.
लिहायची पण भीती वाटते.

१३ डिसें., शनि.
पट्टी फिकी. दोनदा केली, दोन्ही वेळा फिकी.
दुपारी बाथरूमच्या दारात पडली. मोठी फिट. हनुवटी फुटली, रिक्षानं दवाखान्यात, टाके. माझ्या गाऊनवर रक्त, रिक्षावाला मागे वळून वळून बघतोय, आणि माझ्या डोक्यात एकच. कुणी काय दिलं?
घरात मोठी माणसं तिघंच. मी नाही दिलं.
घरी आल्यावर सासूबाईंकडे बघितलं. त्यांना कळलं.
"माझ्यावर संशय हाय तुझा?"
मी मनूला घेऊन आत गेले. हे पेपर वाचत होते.

१४ डिसें., रवि.
साखर, गूळ, पोहे, बिस्किटं, सगळं लोखंडी कपाटात. कुलूप. किल्ली माझ्या कमरेला.
सकाळी चहाला साखर हवी तर सासूबाईंना मागावी लागणार होती. मागितली नाही. बिनसाखरेचा प्यायल्या, माझ्यासमोर, सावकाश.
चुकतंय का माझं? तरी किल्ली काढून ठेववत नाही.

१६ डिसें., मंगळ.
सासूबाईंनी पिशवी भरली. यांना म्हणाल्या, "वाशीवरनं येष्टीत बसवून दे. जाते मी."
हे पायात चपला घालून उभे. दारातून हलेनात. मग म्हणाले, "आई, तू नको जाऊस. मी दिलं."
मला आधी कळलंच नाही काय दिलं.
गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मनूला मार्केटात नेलं होतं. वडापावच्या गाडीपाशी ती उभी राहिली.
"मागितला असता तर नाही म्हणालो असतो," हे म्हणाले. "मागितलाच नाही गं. नुसती बघत होती. अर्धा दिला."
आणि तिला सांगितलं, आईला बोलू नको. सहा वर्षांच्या पोरीला.
मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाले, की तुमची आई तीन दिवस चोर ठरली आणि तुम्ही पेपर वाचत होता.
सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. लेकाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी "आई..." म्हटलं.
"माफी बिफी र्‍हाऊ दे. किल्ली दे हिकडं."
दिली. त्यांनी कपाट उघडलं, साखर काढली, स्वतःचा चहा केला. पिशवी तशीच दाराशी. रात्री बघितलं तर रिकामी.

२८ डिसें., रवि.
पट्टी परत जांभळी. फिट तुरळक.
यांच्याशी कामापुरतं बोलणं. आज मनूचं ताट यांनी लावलं, फ्लॉवर, तूप, अंडं, सगळं तोलून. हे उठल्यावर मी परत तोललं. बरोबर होतं. वर बघितलं तर हे दारात उभे.
वळून आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१४ जाने. ९८, बुध. संक्रांत
दिवसभर बेल. सासूबाई दारातच पाट टाकून बसल्या. "तिळगूळ पोरीच्या हातात नगा दिऊ, माझ्या हातात द्या." खालच्या जोशीणबाईंना राग आलेला दिसला. येऊ दे.
तरी संध्याकाळी मनू खालून आली, मूठ आवळलेली. उघडली. आत तिळाची वडी, हात चिकट.
"हे मला नको ना?"
"नको."
ओट्यावर ठेवली, हात धुतले, परत खेळायला गेली. धरून ठेवलेलं सगळं तेव्हा सुटलं माझं. नळ चालू ठेवून रडले.

२ फेब्रु., सोम.
मुंबईला डॉ.कडे, दोघं मिळून. पंधरवड्यात एकही फिट नाही. डॉ. म्हणाले, एक गोळी निम्मी करून बघू. खाणं मात्र असंच, दोन वर्षं तरी. पुढचं आज सांगता येत नाही.
यांनी विचारलं, "शाळा?"
"घाला."
बसमध्ये मनू यांच्या मांडीवर झोपली. बेलापूर येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो.

५ फेब्रु., गुरु.
सकाळी आंघोळ घालताना तिची मान किंचित खाली गेली. क्षणभर. फिट, की डोळ्यात साबण?
"मनू, काय झालं?"
"काय?"
यांना सांगितलं. किती दिवसांनी नीट बोललो. "डॉक्टरांना फोन करू?" म्हणाले. मी म्हटलं, आजचा दिवस बघू. पट्टी परत केली. जांभळी.
संध्याकाळी तिला खाली जायचं होतं. लपाछपी. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, किती दिवस कोंडशील?" सोडली. मी गॅलरीत. जरा वेळानं हे येऊन शेजारी उभे राहिले.
मनू जिन्याखाली लपली. मग दिसेना. बाकीची पोरं एकेक सापडत होती, हसत बाहेर येत होती. ती नाही.
हे खाली जायला वळले.
"थांबा," मी म्हणाले. "ती अजून सापडलेली नाही. बाहेर आली की आऊट होईल."
थांबले. कठडा घट्ट धरून दोघं जिन्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. मग मनू जिन्याखालून धावत बाहेर आली, "धप्पा!"