दोन काचांची की तीन काचांची?

गिमली, मॅनिटोबा
१४ ऑक्टोबर २००६

ती. इंगीदादास,
डोराचा सा. न. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घे.

इथे सगळं ठीक. सरोवरावरून वारा सुटलाय आणि माझ्या पूर्वेच्या खिडक्या आतापासूनच शिट्ट्या मारायला लागल्यात. हिवाळ्याआधी बाहेरून जादा पल्ले बसवायचे म्हणजे शिडी आली. लेफुर होता तोवर नवरा वर चढायचा आणि मी बायको खालून सूचना करायची. तो गेल्यापासून सहा वर्षं दोन्ही कामं माझ्याकडेच आहेत. यंदा तिसऱ्या पायरीवर गुडघ्याने संप पुकारला. शेजाऱ्याने उतरवून घेतलं आणि वर म्हणाला की आजी, आता शिडी विकून टाका. मी म्हटलं, शिडी राहू दे, खिडक्याच काढते.

तर व्हिनाइलच्या खिडक्या घ्यायच्या हे ठरलं. कुठल्या, तिथे घोडं अडलंय. कोपऱ्यावरच्या हार्वेच्या दुकानात दोन काचांच्या आहेत, स्वस्त. विनिपेगच्या एका कंपनीच्या तीन काचांच्या आहेत, किंमत जवळजवळ दुप्पट. त्या कंपनीची मुलगी घरी आली होती. तिने टेबलावर तापता दिवा लावला, पुढे एकेक काच धरली आणि मला मागे हात धरायला सांगितलं. खरंच, तीन काचांमागे हात गारच राहिला. मग तिने आजीवन हमी सांगितली. मी विचारलं, जीवन कुणाचं, माझं की खिडकीचं? बिचारी लालबुंद झाली. जाताना मात्र माझ्या व्हिनार्तेर्ता केकचे तीन तुकडे खाऊन गेली.

तू दोन वर्षांपूर्वी सगळ्या घराला नव्या खिडक्या बसवल्यास. तुझं मत कळव. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने रचतोस, म्हणून लिहिते.

लोभ आहेच. तो पातळ होऊ नये म्हणून लवकर लिही.
तुझी डोरा

फ्लिन फ्लॉन
२७ ऑक्टोबर

चि. डोरीस,
अनेक आशीर्वाद, आणि धड शिडीवरून उतरलीस म्हणून दोन जास्तीचे.

त्या पोरीच्या दिव्याला भुलू नकोस. काच ती काच. दोन लाव नाहीतर तीन, पलीकडे बर्फच दिसणार. मी सगळ्यांत स्वस्तातल्या घेतल्या. एक गडी दारावर विकायला आला, दोन दिवसांत माणसं लावून बसवूनही गेला. कर्लिंग क्लबात बर्फावर दगड सरकवताना मी त्या खिडक्यांचं इतकं गुणगान केलं की आणखी चार घरांनी त्याच्याकडून घेतल्या. शेजारच्या बिलुसबाईंनीसुद्धा. त्या तर इतक्या चिकट की बटाट्याची सालं टाकताना दोनदा विचार करतात!

तू एकाहत्तरची, मी शहात्तरचा. आजीवन हमी घेऊन आपण काय ती हिमकोंबड्यांना देणार? हार्वेकडून घे आणि उरलेल्या पैशांत गुडघा दुरुस्त कर.

बाकी मजेत. हल्ली रोज ब्रेड भाजतो, चांगला जमायला लागलाय. बैठकीतल्या जिरेनियमच्या कुंड्या स्वयंपाकघरात आणल्यात, तिथे त्यांना बरं वाटतं. हे पत्र पेन्सिलने लिहितोय, पेनातली शाई उतरत नाही.

मायेत कसर नाही, हे वेगळं लिहायला नको.
तुझा इंगी

गिमली
१२ नोव्हेंबर

ती. इंगीदादास,
सा. न. कालच्यापेक्षा आज एक इंच जास्त वाकून.

तुझं पत्र हार्वेला वाचून दाखवलं. तो खूश होईल असं वाटलं होतं, पण त्याने डोकं खाजवलं. त्याने दोन्ही चौकटींचे कापलेले तुकडे माझ्यापुढे ठेवले. महागातल्या चौकटीच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, कोपरे वितळवून एकजीव केलेले. त्याच्याकडच्या चौकटीत दोनच कप्पे आणि कोपऱ्यांना स्क्रू. तो म्हणाला, डोराबाई, दक्षिणेच्या बाजूला माझी खिडकी झकास चालेल, पण सरोवराच्या वाऱ्यासमोर मी तिची शपथ घेणार नाही. स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. निम्मा खेळ बसवणाऱ्याच्या हातात असतो. चौकट आणि भिंत यांच्यातली फट फोमने नीट भरली नाही, तर राणीच्या महालातली खिडकीसुद्धा वारा आत घेईल. तुझ्या खिडक्या बसवताना फोम भरला होता का? पाहिलं होतंस?

दुसरं. रोज ब्रेड भाजतोस, तो खातं कोण? फुलझाडांना स्वयंपाकघरात बरं वाटतं, म्हणजे बैठकीत त्यांना काय होत होतं? आणि घरातल्या घरात पेनातली शाई कशाने गोठली? मी तुझी बहीण आहे, तुझ्या जुन्या खाणीतला मुकादम नाही. खरं सांग, आणि ख्रिसमसला इकडे ये.

रागावू नकोस. रागावलास तरी उत्तर पाठव.
तुझी डोरा

फ्लिन फ्लॉन
३० नोव्हेंबर

चि. डोरीस,
आशीर्वाद. चौकशा कमी केल्यास तर जास्त लाभतील.

ख्रिसमसला जमणार नाही. इथे उणे अडतीस झालंय, घर सोडलं तर पाइप गोठतील. मांजराचंही बघावं लागतं. स्वयंपाकघरात बसणं हा काही गुन्हा नव्हे. आपली आई आयुष्यभर तिथेच बसली आणि चौऱ्याण्णव वर्षं जगली. फोमबिम मी पाहिला नाही, मी त्या माणसांना कॉफी देत होतो.

खिडक्या उत्तम आहेत. हार्वेला सांग, स्वतःच्या मालाची निंदा करू नये.

आहे तो लोभ जपून ठेव, थंडीत उपयोगी पडतो.
तुझा इंगी

गिमली
११ डिसेंबर

ती. इंगीदादास,
सा. न. प्रत्यक्षच करीन म्हणते.

सत्तावीस तारखेच्या बसने मी तिकडे येतेय. बैठकीत माझी खाट टाक, मोठ्या खिडकीखाली. नको म्हणणारं पत्र पाठवलंस तरी ते इथे पोचेपर्यंत मी बसमध्ये असेन. सुक्या माशांची पिशवी आणते. मांजराला सांग.

बाकी भेटीत.
डोरा

फ्लिन फ्लॉन
९ जानेवारी २००७

चि. डोरीस,
आशीर्वाद. या वेळी एकही अट नाही.

सुखरूप पोचलीस हे तुझ्या कार्डावरून कळलं. तू गेल्यापासून मनात चाललंय ते लिहून टाकतो. समोर असताना तोंड उघडलं नाही.

तू आलीस तेव्हा मी बैठकीचं दार घोंगड्या खिळून बंद केलेलं होतं. मला वाटलं, आता ही मला सोलून काढणार. तू कोट घातलास, घोंगडी बाजूला सारलीस आणि कॉफीचा कप घेऊन त्या खिडकीपाशी गुमान बसलीस. चौकटीच्या आतल्या बाजूने करंगळीएवढा बर्फ साचला होता. मग पटाशी मागितलीस, बाजूची लाकडी पट्टी उचकटलीस आणि फटीतून बोळा केलेलं वर्तमानपत्र ओढून काढलंस. फोमचा थेंब नाही. त्या कागदावरची, खिडक्या बसवल्याच्या आठवड्यातली तारीख मोठ्याने वाचलीस आणि हसलीस. मलाही हसू आलं, डोरी.

मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. त्या गड्याला फोन लावला तर तो नंबरच बंद. पण क्लबात मी इतकी छाती फुगवून बोललो होतो की आता कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून स्वयंपाकघरात खाट टाकली आणि भट्टी चालू ठेवायला ब्रेड भाजत सुटलो. तुलाही तसल्याच स्वस्त घ्यायला सांगत होतो. तू घेतल्या असत्यास तर मी एकटाच मूर्ख ठरलो नसतो, असं कुठेतरी वाटत असावं. लिहितानाही लाज वाटते.

बसमध्ये चढताना तू विचारलंस की बिलुसबाईंचं घर उबदार आहे का. दोन वर्षं मी त्यांच्या अंगणातला बर्फ काढतो, पण हे एकदाही विचारलं नाही. उत्तराची भीती होती. आता विचारतो.

माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसं कळव, पण कळव.
तुझा इंगी

गिमली
२ फेब्रुवारी

ती. इंगीदादास,
सा. न. आणि दोन्ही गालांवर पापा, वय काही का असेना.

माया कमी व्हायला तू खिडक्या विकल्यास थोड्याच? त्या सल्ल्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. बसमध्ये द पास गावापर्यंत टिकला, मग झोप लागली.

माझं ठरलं. पूर्वेला आणि उत्तरेला तीन काचांच्या, महाग. दक्षिणेच्या स्वयंपाकघराला आणि पडवीला हार्वेच्या दोन काचांच्या. विनिपेगची मुलगी जरा हिरमुसली, हार्वेने टोपी काढून सलाम केला. मे महिन्यात बसवतील. मी कॉफी देणार नाही. खुर्ची टाकून फोमवर नजर ठेवणार आहे.

बिलुसबाईंना विचारलंस का? ते सोडून बाकी काहीही लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

वाट पाहते. लोभ चुलीवर ठेवलाय.
तुझी डोरा

फ्लिन फ्लॉन
३ जून

चि. डोरीस,
अनेक आशीर्वाद, उन्हात बसून लिहिलेले.

पत्राला उशीर झाला, कारण विचारायला उशीर झाला. मार्चपर्यंत धीरच होईना. शेवटी एका सकाळी गेलो. बिलुसबाईंनी मागच्या दाराने आत घेतलं. स्वयंपाकघरात खाट, दारावर रजई. माझ्याच घरात शिरल्यासारखं वाटलं. मी सगळं सांगून टाकलं.  त्या म्हणाल्या की इंगी, तुझ्या खिडक्या इतक्या छान असल्याचं तू सांगायचास, म्हणून मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. मी नीट बंद करत नसेन, मला म्हातारपणी थंडी जास्त वाजत असेल. तीन हिवाळे ती बाई स्वतःला दोष देत बसली होती, डोरी, आणि मधे अवघी बारा पावलं.

त्याच शनिवारी क्लबात उभा राहिलो आणि मी फसलो, तुम्हालाही फसवलं, असं मोठ्याने सांगितलं.  मग माझं ऐकून खिडक्या घेतलेल्या पीटरसनने कप खाली ठेवला आणि म्हणाला की तो बायकोसकट तळघरात झोपतो. बाकीचे दोघेही बोलले. इतक्या मोठ्याने हसलो की बर्फावरचा खेळ थांबला.

बर्फ उतरल्यापासून आम्ही चौघे म्हातारे एकेक घर घेतोय. पट्ट्या उचकटायच्या, कागद उपसायचा, फोम भरायचा. अर्धा वारा तिथेच अडला. ज्या चौकटी वाकल्यात त्या बदलाव्याच लागणार. मी तीन काचांच्या दोन मागवल्या आणि दोन्ही बिलुसबाईंकडे बसवायला निघालो, तर त्यांनी मला दारातच अडवलं. एक तुझ्या बैठकीला लाव म्हणाल्या, तू गारठून मेलास तर मी भांडू कुणाशी? मग बटाटा भरलेल्या, उकडलेल्या पेरोगींचं पातेलं हातात दिलं. ती बाई चिकट आहे असं मी लिहिलं होतं, ते खोडून टाक.

काल बैठकीतली घोंगडी उतरवली. आता या हिवाळ्यात तू ये, अगदी उणे चाळीस असताना ये. तुझी खाट खिडकीखालीच टाकतो. थंडी वाजली तर मला उठव, दादाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नकोस.

तुझा,
इंगी