आधी काळी वायर

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मेहुण्यांनी माझा फोन भिंतीवर आपटला, म्हणून हे पत्र. उत्तर मी काम करते त्या लॉन्ड्रीच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

मी घर सोडायचं ठरवलंय. बाबांची गाडी माझ्या नावावर आहे, पण सुरूच होत नाही. मी कुठे जाऊ नये म्हणून तो संध्याकाळी तिचे दिवे मुद्दाम चालू ठेवायचा, तशी बॅटरी मेली. परवा माझ्या हातात किल्ली दिसली, तर माझा डावा हात दाराच्या फटीत धरून त्याने दार लावलं आणि मी ओरडायची थांबेपर्यंत उघडलं नाही. दोन बोटं काळीनिळी झालीत. बॅटरी कशी बदलायची तेवढं लिही. इकडे येऊ मात्र नकोस. मागे तू त्याचं नाक फोडलंस, त्याचा वचपा त्याने माझ्यावर काढला.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आरडाओरड्यात घालवू नकोस.

तुझी,
ठकू

९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि गॅरेज उघडं टाकून निघालोच होतो. तुझ्या वहिनीने वाट अडवली. माझे हात अजून शिवशिवतायत.

नवी बॅटरी ट्रकवाल्याबरोबर लॉन्ड्रीत पाठवतोय, जुनीच्याच मापाची. आता नीट वाच. लहानपणी बाबांनी बॉनेट उघडलं की तू सावलीत जाऊन पेंगायचीस. गाडी बंद, किल्ली बाहेर. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, आसपास काडीपेटी नको. आधी काळी वायर सोडव, मग लाल. बॅटरी सरळ उचल, कलंडली तर ॲसिड सांडेल. बसवताना उलटं, आधी लाल आणि काळी शेवटी. काळी जोडलेली असताना लालला पाना लावलास आणि तो पत्र्याला टेकला, तर लोखंड तापून हात भाजतो. म्हणून अंगठी काढून ठेव. सुजलेल्या बोटातून निघत नसेल तर साबण लाव. काम झालं की आठवणीने परत घाल, नाहीतर तो त्यावरूनही मारेल.

बहिणीला एवढंच सांगू शकतो याची लाज वाटते. जप स्वतःला.

तुझा,
दादा

२१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. तुझ्याकडे आले नाही, कारण तो आधी तिथेच शोधेल. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी त्यांच्या बहिणीकडे सोय केली आहे.

बॅटरी मीच बसवली, काळी शेवटी. बॉनेट लावणार तेवढ्यात तो कामावरून लवकर परतला. केस धरून त्याने माझं डोकं बॉनेटच्या कडेवर आपटलं, पाना हिसकावला आणि बॅटरी काढायला लागला. नेमका लाल वायरीकडे गेला. मी म्हटलं, आधी काळी. त्याने माझ्या तोंडावर कोपर मारलं, म्हणाला मला शिकवू नकोस. माझा एक दात पडला. मी पुन्हा सांगितलं नाही, हे तुला खरं लिहिते.

पाना पत्र्याच्या दिशेने सरकला आणि त्याच्या मनगटातलं स्टीलचं कडं दोन्हींच्या मध्ये सापडलं. ठिणग्या उडाल्या, कडं निखाऱ्यासारखं झालं, मांस जळाल्याचा वास आला. तो किंचाळत होता आणि मी बघत उभी होते. फार वेळ नाही, पण उभी होते. मग शर्ट धरून मागे ओढलं त्याला आणि हातावर बादलीभर पाणी ओतलं.

वायर पुन्हा आवळली. गाडी लगेच सुरू झाली. त्याला मागच्या सीटवर घालून दवाखान्यात नेलं. सबंध वाटेत तो मला शिव्या देत होता. नर्सने विचारलं तुम्ही यांच्या कोण, तर मी शेजारीण म्हणाले आणि निघाले.

तुझं सगळं ऐकलं, एक सोडून. अंगठी साबणाने निघाली होती, ती बेसिनच्या कडेवर राहिली. परत घालायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

बोटांची सूज उतरतेय. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ठकू