वहिनींच्या खोलीतला टीव्ही

माधवनगरच्या माझ्या वहिनींना, साताऱ्याहून रागावलेल्या नणंदेचा नमस्कार.

काल तुमच्या जयराजने फोनवर सांगितलं, "आत्या, मम्मीच्या खोलीतला टीव्ही हॉलमध्ये आणला. काचबिंदूनं तिला आता काही दिसत नाही, मग उगाच कशाला?" त्याला मी फक्त मूर्ख म्हणाले. खरा राग तुमचा आला. मागून तुमचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या वन्सं. मी काय बघणार आता?"

तुम्ही नुसत्या डोळ्यांनी सिनेमा कधी बघितलात? पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं माझं इंग्रजी सगळं तुमच्या कानाशी खर्ची पडलं. सांगलीच्या थिएटरात पडद्यावरची माणसं बोलायची, मी हळूच मराठीत सांगायचे, आणि माझं सांगून होण्याआधीच तुम्ही पदर डोळ्यांना लावायचात. एकदा मी विचारलं, "काही कळलं तरी का?" तुम्ही म्हणालात, "ती बाई निघाली हाय, परत न्हाई यायची. आता गप बसा." ती खरंच परत आली नाही.

आजवर माणसं काय बोलतात ते सांगितलं. आता काय करतात, काय नेसतात, तेही सांगेन. मी नोकरीतून निवृत्त झाले, या कामातून नाही.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर ते जयराजच तुम्हाला वाचून दाखवेल, आणि तुमच्याशिवाय मला सिनेमा बघवत नाही, हे तुम्ही त्याच्या तोंडून ऐकायला नको. शनिवारी मीच येते. टीव्ही तुमच्या खोलीत परत लागेपर्यंत चहासुद्धा घेणार नाही.

तुमची तोंडाळ नणंद,
शशिकला