डेपोमागची फेजोआदा

प्रिय सोन्या,

तू बोटीवर गेलास आणि आठवड्याच्या आत तुझ्या बायकोची आई तिकडे ब्राझीलमध्ये वारली. त्यानंतर पोरीचं जेवणावरून मनच उडालं. माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन बसायची, बटणं लावून द्यायची, पण ताटात चिमणीएवढं वाढून घ्यायची. शेवटी मी विचारलं, "काय खावंसं वाटतं गं?" म्हणाली, "आई, फेजोआदा." काळा घेवडा आणि मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, हे तिने मला अर्धं मराठीत आणि अर्धं हातवाऱ्यांनी समजावलं.

मग मी कंबर कसली. एवढं मोठं शहर, एक पातेलं घेवडा मिळू नये? पहिल्या हॉटेलाच्या पाटीवर ब्राझील, भिंतीवर पोपट आणि ताटात टोमॅटोत बुडवलेला राजमा! सूनबाई पोपटाकडे बघून म्हणाली, "हा पण चुकून आला इथे." हसावं की रडावं, मला कळेना. दुसरीकडे तलवारीएवढ्या सळया घेऊन पोरं मांस वाढत फिरत होती. घेवड्याचं विचारलं, तर मी त्यांची किडनी मागितल्यासारखं बघायला लागली. पण मीही हट्टाला पेटले होते. कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला माप घेता घेता विचारत सुटले. शेवटी नाच शिकवणारी एक जण म्हणाली, "बस डेपोमागे, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जा. पाटी नाही, वासावर जा."

गेलो. अरुंद जिना, वर चार टेबलं आणि स्वयंपाकघरात हिच्याच देशाची एक धिप्पाड बाई. ताट आलं. काळीभोर फेजोआदा, भात, संत्र्याच्या फोडी आणि साबुदाण्याच्या कंदाचं परतलेलं पीठ. सूनबाईने एक घास घेतला, चमचा ठेवला आणि ताडकन उठून आत गेली. आतून दोघींचा असा काही आवाज चढला, की मी पर्स उचलून निघायच्या तयारीत! डोकावले, तर दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या, हसत होत्या आणि पळी हिच्या हातात. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तमालपत्र कमी आहे! बाकी अगदी माझ्या आईसारखं." मग दोन ताटं चाटूनपुसून संपवली. मीही काही मागे राहिले नाही.

आता दर शनिवारी तिथलं पातेलं हिच्या ताब्यात असतं. जिन्यावर रांग लागते रे! त्या बाईने काल हिला कायमची भागीदार करून घेतलं. घरी येऊन पोरगी मला उचलून गरागरा फिरवत होती. माझ्या वयाचं तरी भान ठेवायचं!

तू मागच्या फोनवर हळूच म्हणाला होतास, की ती इथे सुकत चालली आहे, तेव्हा बोटीवरून उतरलास की नोकरी सोडून दोघं कायमचे तिकडे जाणार. मी "बरं" म्हणून फोन ठेवला होता. पण काल माझ्या तोंडून तिला ते कळलं आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणून हे पत्र. तिचा निरोप जसाच्या तसा देते: "त्याला लिहा, तिकिटं काढायची नाहीत. मी इथेच राहणार."

तुझीच,
आई