दम्यासमोरचे ‘होय’

नितेश,

सकाळच्या गाडीने नागपूरला आणि तेथून अंदमानला जात आहे. एकटीच.

काल डायव्हिंग केंद्रातून फोन आला. मला दमा असल्याने समुद्रात उतरता येणार नाही, असे ते म्हणाले. मला दमा कधीच नव्हता. आपल्या दोघांचे आरोग्य-अर्ज तू भरले होतेस, म्हणून माझी प्रत मागवून पाहिली. दम्यासमोर ‘होय’ लिहिले आहे आणि अक्षर तुझे आहे.

कारणही ठाऊक आहे. आई माझी पत्रिका घेऊन जठारपेठेतल्या महाराजांकडे गेल्या होत्या. “तिले पान्याचा घात हाये म्हन्ते, तू काहून जाऊ देऊन राहिला?” हे त्यांनी तुला माझ्यासमोरच विचारले. तू हसलास. मला वाटले, विषय संपला.

आईंवर माझा राग नाही. त्यांचा पत्रिकेवर विश्वास आहे आणि तो त्यांनी लपवला नाही. तुझा तर पत्रिकेवरही नाही. तुला केवळ त्यांना किंवा मला तोंडावर नकार द्यायचा नव्हता, म्हणून तो परक्या माणसांकडून वदवून घेतलास.

संध्याकाळी फुप्फुसांची तपासणी केली. ती निर्दोष आहेत. केंद्राने प्रमाणपत्र स्वीकारले आहे.

आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या उद्यापुरत्याच आहेत; आज आण. मी कुठे गेले, ते त्यांना तूच सांग.

पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार लागतो. एकाची हवा संपली, तर दुसऱ्याने आपली द्यायची असते. तुझ्या जागी कोण, असे केंद्राने विचारले. कोणीही अनोळखी चालेल, असे मी कळवले आहे.

पौर्णिमा