पूजेला मांडलेला हॉल

२८ सप्टेंबर
संपलं! विद्याश्री मॅडम धारवाडच्या ऑफिसातून आल्या आणि उभ्या उभ्या सांगून गेल्या – दसऱ्यानंतर आपलं म्युझियम बंद. वस्तू पेट्यांत भरून धारवाडच्या गोदामात जाणार. हॉल खताच्या पोत्यांना.

"बसप्पा, पोरंच येत नसतील तर हे ठेवायचं कुणासाठी?"

मी म्हणालो, आणतो मॅडम पोरं. म्हणालो खरं. आणू कुठून?

मुलगा म्हणतो, बरं झालं अप्पा, आता घरी बसा. घरी बसून काय करू? घरात माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. इथं रोज धूळ तरी बसते, मी पुसायला लागतो.

२९ सप्टेंबर
हिरेमठ मास्तरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शाळा आणतो म्हणाले.

३ ऑक्टोबर
शाळा आली. नाचक्की!

दारातच मास्तर ओरडले – "रांगेत! हात मागे! कशाला शिवायचं नाही!" पोरं हात मागे बांधून चालली, पोलिसांनी धरून आणल्यासारखी. हत्तीच्या गळ्यातल्या घंटेचं सांगायला मी तोंड उघडलं, तर मास्तर म्हणतात, "अज्जा, आटपा. गिरमिट खायला न्यायचंय यांना." ते ऐकल्यावर कोण थांबतंय! मी आणलेली चॉकलेटं खाल्ली आणि कागद तिफणीच्या दांड्यांत कोंबून गेली.

एक पोरगी मागे राहिली. इंचरा नाव. म्हणाली, "अज्जा, या वस्तू मेल्यात का?"

"मेल्या कशानं?"

"मग अशा बसवून का ठेवल्यात? आमचा अज्जा मेला तेव्हा त्याला असाच बसवला होता. सगळे लांबून बघत होते. मला शिवू दिलं नाही."

मी चौथी शिकलेला माणूस. याचं उत्तर मॅडमना तरी आलं असतं का?

४ ऑक्टोबर
भाकरी गेली नाही. पोरगी काय बोलून गेली!

९ ऑक्टोबर
दसऱ्याची सुट्टी लागली. पोरं हॉलच्या कट्ट्यावर बसतात. चौघांत एक मोबाइल, डोकी त्यात. आत पंखा आहे रे, म्हटलं, आत या. एक म्हणाला, "आत काय आहे?" मी म्हणालो, जुन्या वस्तू. "मग नको."

१२ ऑक्टोबर
सुचलं! इतकं साधं, आजवर कसं सुचलं नाही?

महानवमीला गावात रिक्षाची पूजा होते. न्हाव्याच्या कात्रीची होते, पंक्चरवाल्याच्या पंपाचीही होते. मग माझ्या हॉलमधल्या तिफणीनं, तलवारीनं, मापांनी काय पाप केलंय? हीसुद्धा अवजारंच. इथं आल्यापासून त्यांच्यावर कुणी एक फूल वाहिलं नाही!

'हात लावू नये' ही पाटी भिंतीकडे फिरवून ठेवली. मग कट्ट्यावर जाऊन सांगितलं – प्रत्येकानं एक वस्तू निवडायची. जी निवडली ती त्याची. तिला पुसायचं, नवमीला तिची पूजा करायची, तिला सांभाळायचं.

"खरंच माझी?"

"खरंच तुझी."

१६ ऑक्टोबर
तलवारीवरून मारामारी! एकाचं नाक फुटलं, त्याची आई मला वाटेल ते बोलून गेली. पण पोरगा दुपारी परत आला, नाकात कापूस घालून.

इंचरानं हत्तीची घंटा घेतली. विचारते, हत्ती म्हातारा झाला तेव्हा घंटा काढली का? तिचं वजन त्याला व्हायचं का? दिवसभर असले प्रश्न. मला निम्म्यांची उत्तरं येत नाहीत. मग आम्ही मिळून ठरवतो.

तौसीफनं धान्याची पितळी मापं घेतली. म्हणाला, "अज्जा, आमच्यात पूजा नसते. मी नुसती घासू?"

"घास बाबा. घासणं म्हणजे पूजाच."

१९ ऑक्टोबर
पोरं वाढली. कुणाला काय द्यावं कळत नाही. एका जात्याला दोन मालक झालेत. मास्तर डोकावले, "अज्जा, यांना काय चारलंत?" हसलो. पण भीती वाटतेय. इतकं चांगलं माझ्या बाबतीत होत नसतं.

२३ ऑक्टोबर, महानवमी
काय दिवस होता! चिंच, राख, नारळाची शेंडी घेऊन पोरं सकाळीच हजर. घंटा सोन्यासारखी निघाली. मापांत तोंड दिसायला लागलं. हळद-कुंकू, झेंडू, मधोमध नंदादीप. तौसीफच्या आईनं गुलाब पाठवले. मी रडलो, पोरं मला हसली.

मुलाला फोटो काढायला लावले आणि मॅडमना पाठवले. बघू दे म्हटलं!

लगेच फोन.

"बसप्पा, ही घंटा कशानं घासली?"

"चिंचेनं, मॅडम."

"तिच्यावर दोनशे वर्षांची काळी झाक होती. तेच तर जपायचं होतं! तुम्ही ते घासून टाकलंत!"

"काळवंडलेली भांडी पूजेला कशी मांडायची, मॅडम?"

"ती भांडी नाहीत हो बसप्पा!" आवाज रडवेला झाला. "म्युझियम राहावं म्हणून वर मी एकटीच भांडत होते. आता कुठल्या तोंडानं भांडू? परवा गाडी पाठवते. मीही येते. तोवर कशाला हात लावू नका."

माझ्या हातानं झालं. वाचवायला गेलो आणि मीच बुडवलं.

२४ ऑक्टोबर, दसरा
पोरांना सांगितलं. गाडीचं सांगितलं, गोदामाचंही. कुणी रडलं नाही. इंचरा एवढंच म्हणाली, "पण तू म्हणालास, माझी आहे."

मी नंदादीपात तेल घातलं.

संध्याकाळी सगळं गाव सोनं म्हणून बन्नीची, शमीची पानं लुटायला वेशीबाहेर गेलं. मीही गेलो, घरी बसवेना. हॉलला कुलूप घातलं नाही. आत नंदादीप तेवतोय, दिवा तेवत असताना कुलूप घालत नाहीत. वेशीवर सगळ्यांनी बन्नी दिली, पाया पडले. एकही पोर दिसलं नाही. मोबाइलवर असतील.

२५ ऑक्टोबर
गाडी आली. मॅडम दारात उभ्या, पांढऱ्याफटक. आत जातं आणि तिफण सोडून काही नाही. घंटा नाही, मापं नाहीत, तलवार नाही. फुलं तेवढी जागच्या जागी. मॅडम पोलिसांना फोन लावायला बाहेर गेल्या, आणि खिडकीच्या गजांतून इंचराचं तोंड आलं – "भिऊ नको अज्जा. कुठं ठेवलंय ते आम्ही कुणालाच सांगणार नाही. तुलापण नाही."