वनूच्या प्रगतिपुस्तकातली सही

मद्रास, शुक्रवार, १३ ऑक्टोबर १९६१

आज वनूच्या शाळेत सिस्टरांशी खोटं बोलले. कोर्टाने वनूला तिच्या वडिलांकडे दिल्यापासून शाळा मला काही कळवत नाही. तरी धीर करून प्रगतिपुस्तक मागितलं, तर सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण ह्यावर तुम्हीच सही केलीत ना?"

पालकाच्या जागी माझं नाव. मी म्हटलं, "हो, माझीच." का म्हटलं?

नुंगंबाक्कमपर्यंत बसमध्ये एकच संशय. हे वन्संचं काम. उद्या म्हणतील, आईला सगळं दाखवतो, आणखी काय हवं तिला? दोन वर्षांत वनूचं एक उत्तर नाही. माझी पत्रंही त्याच फाडत असणार.

पण सहीतल्या इंग्रजी 'के'च्या टोकाला एक पान होतं. लहानसं, शिरेसकट. लहानपणी शाळेत मी वहीत अशी पानं काढायची आणि मदर बोटांवर पट्टी मारायच्या. कोर्टाच्या कागदांवर माझी सही साधी आहे, वन्संनी तेवढीच पाहिलीय. पान मी फक्त वनूच्या पत्रांत काढते.

म्हणजे पत्रं कुणीतरी वाचतंय. वन्संच? पण त्या पान कशाला गिरवतील?

आणि गणिताच्या गुणांखाली लाल रेघ होती. नापास. वडिलांना दाखवायला घाबरली असेल पोर.

उद्या तिला गणिताबद्दल लिहीन. सहीबद्दल अक्षरही नाही. पान मात्र जरा मोठं काढीन.